सोफ्याचा कुबट वास आणि माझे फसलेले फवारे

जुलैत डोंबिवलीत आमच्याकडे कपडे वाळत नाहीत, नुसते गार होतात. गॅलरीत पावसाची झड येते म्हणून दोऱ्या हॉलमध्ये, पंख्याखाली. आणि त्या दोऱ्यांखालीच आमचा कापडी सोफा. त्यात नवरा स्टेशनवरून भिजून आला की रेनकोट काढून आधी सोफ्यावर टेकणार, मग पाय धुणार. यंदा महिना संपत आला तेव्हा सोफ्याला ओल्या पायपुसण्यासारखा वास यायला लागला. श्रावणात पुतणीची मंगळागौर आमच्याच घरी ठरलेली, आणि सोफ्याची कव्हरं शिवलेली, म्हणजे काढून धुवायची सोयच नाही.

दुकानातला फवारा मारून पाहिला. वास गेला नाही, त्याला मोगऱ्याची जोड मिळाली. मग म्हटलं घरीच करू, त्यात काय एवढं.

पहिल्यांदा एका व्हिडिओत बघून व्हिनेगर आणि खायचा सोडा एकाच बाटलीत घातला. बाटली फसफसली, झाकण हातातून उडालं, ओट्यावर फेसच फेस. तरी मी उरलेलं पाणी फवारलंच. दुसऱ्या दिवशी निळ्या उशांवर पांढुरके चट्टे! आठवीतलं रसायनशास्त्र तेव्हा आठवलं असतं तर बरं झालं असतं. आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे राहतं ते जवळजवळ खारट पाणी. दोन्ही वेगवेगळे वापरले तर कामाचे आहेत, एकत्र केले तर दोन्ही वाया. (व्हिनेगर आणि कपड्यांचं ब्लीच मात्र चुकूनही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.)

दुसरा प्रयोग साधा होता. पाणी आणि गवती चहाच्या तेलाचे वीसेक थेंब. पहिले चार दिवस वासच येईना, म्हणून मी रोज जास्त मारत गेले. पाचव्या दिवशी सोफ्याच्या पाठीवर रुपयाएवढा तेलकट डाग. मग बाटली उजेडात धरून पाहिली. तेलाचा तवंग वर तरंगतोय आणि फवाऱ्याची नळी तळाशी. म्हणजे चार दिवस मी सोफ्यावर नुसतं पाणी मारत होते, आधीच ओल्या सोफ्यावर, आणि बाटली संपत आल्यावर नळीच्या तोंडाशी सगळं तेल आलं. डागावर टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवली, बराचसा निघाला. अजून तिथे उशी उभी असते.

सासूबाई इतके दिवस गप्प बसून बघत होत्या. एक दिवस त्यांनी माठात घालायला आणलेला वाळा पातेल्यात उकळला. "अगं, तेलबिल कशाला, हे मार." वास खरंच सुंदर होता, पहिल्या पावसाच्या मातीसारखा. पण पाणी चहाच्या रंगाचं; पांढऱ्या चादरीच्या कोपऱ्यावर मारून पाहिलं तर पिवळा ठिपका पडला. आणि फ्रीजबाहेर राहिलेलं ते पाणी तिसऱ्या दिवशी आंबलं. त्याच वाळ्याची कोरडी जुडी आता कपाटात आहे, तिथे ती शोभते.

शेवटी जमलं ते स्पिरिटने. आधी कोरोनाच्या वेळची सॅनिटायझरची अर्धी बाटली वापरायचा मोह झाला होता, पण त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि कापड चिकट होतं. केमिस्टकडून ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. १०० मिली त्यात गवती चहाचं तेल फक्त १० थेंब, हे आधी नीट हलवून घ्यायचं. मग १०० मिली पाणी. आमच्या नळाच्या पाण्याने बादलीवर पांढरा थर बसतो, म्हणून मी बॅटरीत घालायचं पाणी आणलं. पाणी पडलं की सगळं दुधाळ होतं. मी घाबरले, वाटलं हेही नासलं. पण नासलेलं नसतं. पाण्यामुळे स्पिरिट पातळ होतं आणि तेलाचे बारीक कण बाहेर पडून पसरतात. दर वेळी हलवून मारायचं, एवढंच. परदेशात नाटकवाले न धुता येणाऱ्या पोशाखांवर स्वस्त वोडका फवारतात, तेही याच तत्त्वावर. पण घरात सासूबाईंसमोर वोडकाची बाटली फवाऱ्यात ओतायची हिंमत माझ्यात नाही.

मारायची पद्धतही चुकत चुकत कळली. सोफा भिंतीपासून हातभर पुढे ओढला, तेव्हा दिसलं की मागच्या भिंतीलाच ओल आहे. कपड्यांच्या दोऱ्या आतल्या खोलीत हलवल्या. दोन दिवस पंखा सोफ्याकडे तोंड करून ठेवला, आणि मगच फवारा मारला, तोही हात लांब ठेवून, नुसता दंव पडल्यासारखा. गॅस बंद, देवापुढची निरांजनं शांत झाल्यावर, खिडकी उघडी. स्पिरिट पेट घेतं, हे विसरून चालत नाही. आधी सोफ्याच्या खालच्या बाजूला मारून रंग जातो का तेही पाहिलं. अर्ध्या तासात कापड कोरडं आणि वास गेलेला. हेल्मेटचं अस्तर, मुलाची शाळेची बॅग, गादी, सगळीकडे चाललं.

टॉवेलवर मात्र काही उपयोग नाही. मारल्यावर छान वाटतं, अंग पुसलं की तोच वास परत. कारण तो वास कापडात मुक्काम ठोकलेल्या जिवाणूंचा असतो. मोराक्सेला नावाचा एक आहे, तो टॉवेल वाळला तरी मरत नाही, ओल मिळाली की पुन्हा कामाला लागतो. पांढरे सुती टॉवेल मी जुन्या पद्धतीने धुण्याचा सोडा घालून उकळले, तेव्हा कुठे सुटका झाली.

मंगळागौरीच्या आदल्या दिवशी मी उत्साहात बाटली घेऊन कपाटाकडे निघाले, पैठणीला कपाटाचा वास येत होता म्हणून. सासूबाईंनी मनगटच धरलं. "जर काळी पडेल गं!" मग पैठणी मलमलच्या कापडावर सावलीत, पंख्याखाली उलगडून ठेवली, संध्याकाळपर्यंत वास गेला. बाटलीवर मी मार्करने लिहिलं होतं, 'हलवून मारणे, गॅसपासून लांब'. दुसऱ्या दिवशी त्याखाली सासूबाईंच्या वळणदार अक्षरात एक ओळ वाढलेली होती, 'रेशमी वस्त्रांस वर्ज्य'.