सतरा सप्टेंबर आणि आपलं कोर्ट

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आटोपलं, की महाविद्यालयाच्या बास्केटबॉल कोर्टावर आजी-माजी खेळाडूंचा मेळावा भरतो. दीपप्रज्वलन, शाल-नारळ नेहमीसारखंच झालं.

खरी ओढ असते ती मावळत्या कप्तानाच्या भाषणाची. फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीच्या रेषेवर उभं राहून, माइक न घेता बोलायचं ही रीत. यंदाचा पोरगा रोज गावाकडून येणारा. सरावासाठी साडेसातची एसटी दोन मिनिटं थांबवणाऱ्या कंडक्टरांचा उल्लेख आला आणि त्याचा आवाज अडकला. कोर्टावर कुणीच हललं नाही.

संघाच्या नव्या प्रशिक्षक सरांबद्दल तो भरभरून बोलला. सर पहिल्या दिवशी टेप घेऊनच आले होते. काळ्या मातीमुळे दर उन्हाळ्यात कोर्टाला भेगा पडतात. त्यावर सिमेंटचे थर चढत गेले आणि ३.०५ मीटर उंचीची रिंग २.९८ वर आली. घरच्या रिंगवर बसलेला हात बाहेरगावी आखूड पडायचा. सरांनी बोर्डासकट रिंग उचलून घेतली. आता कोर्टाच्या दोन फेऱ्या पळायच्या, धाप लागलेली असतानाच दोन फ्री थ्रो मारायचे, असं पाच वेळा. सामन्यात ते थकलेल्या हातांनीच मारावे लागतात. २-३ झोनमध्ये, म्हणजे पुढे दोन आणि मागे तीन जणांनी आपापली जागा राखायच्या बचावात, ६.७५ मीटरच्या तीन गुणांच्या रेषेबाहेरचा शूटर मोकळा सुटायचा, म्हणून मॅन-टू-मॅन, म्हणजे प्रत्येकाने एकेक खेळाडू धरायचा बचाव सुरू केला. रिबाउंडला, म्हणजे हुकून परत आलेल्या चेंडूला, आधी आपण धरलेला प्रतिस्पर्धी पाठीवर घ्यायचा, चेंडू मग. यंदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत हा संघ उपांत्य फेरीत दिसेल, असं मी छातीठोक सांगतो.

पुण्यात स्थिरावलेली मंडळी मात्र ग्रुपवर फुलं टाकून मोकळी झाली. किनवटहून पहाटे निघालेले वेळेत पोचतात, मग यांना काय अडचण? वाईट वाटतं.

रेषा ऑइलपेंटने रंगवणारे शिपाईमामा, पोहे करणाऱ्या वसतिगृहाच्या मावशी, स्कोअरशीट लिहिणाऱ्या ग्रंथालयातल्या ताई, मंडपवाले, जारवाले, पावसाची सर येऊन गेल्यावर गोणपाटाने कोर्ट कोरडं करणारी पहिल्या वर्षाची पोरं, सगळ्यांचे आभार. रिंग उचलायच्या कामाची मजुरी न घेणाऱ्या वेल्डिंगवाल्या काकांना स्टेजवर बोलवायचं राहूनच गेलं. पुढच्या १७ सप्टेंबरला पहिला नारळ त्यांच्याच हातात द्यायचा आहे.