‘लीजन ऑफ ऑनर’ कशासाठी जन्माला आले

लता मंगेशकर आणि जे. आर. डी. टाटा यांना मिळालेल्या सन्मानांमध्ये फ्रान्सच्या ‘लीजन ऑफ ऑनर’चे नाव आपण वाचतो. या सन्मानाची कुळकथा मला त्याच्या पदकाच्या लाल फितीहून अधिक मोलाची वाटते.

राज्यक्रांतीने १७९१ मध्ये राजेशाहीच्या काळातील सरदारी सन्मान रद्द केले होते. त्यामुळे १८०२ मध्ये नेपोलियनने, तो अजून सम्राट झालेला नसताना, नव्या सन्मानाचा प्रस्ताव मांडला तेव्हा समतेच्या नावाने उभ्या राहिलेल्या प्रजासत्ताकात पुन्हा उच्चनीचता येईल, अशी भीती त्याच्याच सल्लागारांनी बोलून दाखवली. विधिमंडळात १६६ विरुद्ध ११० मतांनी कायदा संमत झाला, म्हणजे विरोध किरकोळ नव्हता. तरीही नेपोलियनचा मुद्दा मला बिनतोड वाटतो: रणांगणावरचा शिपाई आणि प्रयोगशाळेतला विद्वान यांना एकाच पंगतीत बसवायचे आणि कुळ विचारायचे नाही. सदस्यांच्या शपथेत सरंजामशाही परत आणण्याच्या प्रयत्नांशी लढण्याचे वचनही होते. सन्मानासोबत वार्षिक वेतन मिळे आणि सदस्यांच्या मुलींसाठी पुढे निवासी शाळा निघाल्या. सेंट डेनिसची शाळा आजही चालू आहे. स्त्रियांना स्वतःला मात्र हा मान मिळायला १८५१ साल उजाडावे लागले.

सन्मान देणारे हात स्वच्छ नसतील तर त्याचे काय होते, हेही फ्रान्सने पाहिले. राष्ट्राध्यक्ष ग्रेव्ही यांच्या जावयाने आपल्या वजनाचा वापर करून सन्मानपदकांचा बाजार मांडल्याचे १८८७ मध्ये उघड झाले आणि ग्रेव्ही यांना पद सोडावे लागले. याउलट कॅप्टन ड्रेफस यांचे उदाहरण आहे. हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून १८९५ मध्ये पॅरिसच्या लष्करी विद्यालयात त्यांची पदचिन्हे जाहीरपणे उतरवण्यात आली. निर्दोषत्व सिद्ध झाल्यावर १९०६ मध्ये त्याच विद्यालयाच्या आवारात त्यांना ‘लीजन ऑफ ऑनर’ची ‘शेव्हालिए’ ही पहिली पायरी बहाल झाली. एका निरपराध माणसाची भरपाई एवढ्याने होत नाही, पण राष्ट्राने आपली चूक चारचौघांत मान्य करण्याचा याहून स्पष्ट मार्ग मला दिसत नाही.

विसाव्या शतकात सदस्यसंख्या फुगत गेली, म्हणून राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी १९६२ मध्ये नवी नियमावली आणून तिला मर्यादा घातली आणि १९६३ मध्ये ‘नॅशनल ऑर्डर ऑफ मेरिट’ हा स्वतंत्र सन्मान सुरू केला.