डेडहॅममधलं फेअरबँक्स घर: थोरल्याला वास्तू, धाकट्यांना वाट

मुलाबाळांकडे बॉस्टनला आलेली आपली मंडळी हार्वर्ड, फ्रीडम ट्रेल आणि लाँग वॉर्फवरची बोट एवढं करून परततात. शहराच्या नैर्ऋत्येला अगदी लागून डेडहॅम नावाचं गाव आहे. उत्तर अमेरिकेत आजही उभ्या असलेल्या लाकडी सांगाड्याच्या घरांमध्ये सर्वांत जुनं मानलं जाणारं घर तिथे आहे. ते कुणा गव्हर्नरचं नाही, शेतकऱ्याचं आहे. म्हणून आई-बाबांना मुद्दाम तिकडे नेलं. बाबांचं उभं आयुष्य शेतीत गेलेलं, त्यामुळे त्यांना संग्रहालयापेक्षा हेच रुचेल असा माझा अंदाज होता.

गाडी असेल तर सोपं आहे. नसेल तर साउथ स्टेशनहून फ्रँकलिन मार्गाची लोकल घ्या आणि एंडिकॉटला उतरा. तिथून ईस्ट स्ट्रीटने चालत जाता येतं. सगळ्या गाड्या एंडिकॉटला थांबतीलच असं नाही आणि शनिवार-रविवारी त्या विरळ असतात, तेव्हा परतीची वेळ आधीच बघून ठेवा. दुसरा मार्ग म्हणजे ऑरेंज लाइनने फॉरेस्ट हिल्स आणि तिथून बस धरून डेडहॅम स्क्वेअर. घर साधारण मे ते ऑक्टोबरच उघडं असतं, तेही रोज नाही. आत मार्गदर्शकाबरोबरच सोडतात. वार आणि वेळ बघून निघा, नाहीतर कुंपणाबाहेरून फोटो काढून परत यावं लागेल.

बाहेरून बघताना आधी नजर भरते ती छपराने. मधला मूळ भाग उंच, त्यामागे नंतर काढलेली पडवी आणि तिच्यावर जवळजवळ जमिनीपर्यंत उतरत आलेलं छप्पर. दोन्ही बाजूंना पुढच्या पिढ्यांनी जोडलेल्या खोल्या. कुटुंब वाढलं की घर वाढायचं, कुणी आराखडा काढून बांधलेलं नाही. सगळं थोडं थोडं कललेलं आहे. आत वीज नाही, नळ नाही, आणि घर राहतं होतं तेव्हाही ते कधी आले नाहीत. ढगाळ दिवशी आत चांगलाच अंधार असतो, म्हणून उन्हाचा दिवस निवडा. दारं ठेंगणी आहेत, जमीन वरखाली आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी बरोबर ठेवावी.

मधोमध विटांचं भलंमोठं धुराडं आणि त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या. ओकच्या तुळया लाकडात लाकूड अडकवून, लाकडी खुंट्या ठोकून जोडलेल्या. याच लाकडातली वार्षिक वलयं मोजून घराचं वय काढलं: झाडं तोडली ती १६३७ ते १६४१ च्या सुमारास. लाकडावर वाईट नजर बाहेर ठेवण्यासाठी कोरलेल्या खुणा आहेत. त्या कुठे आहेत ते मार्गदर्शकाला विचारूनच घ्या, आपल्याआपण दिसत नाहीत.

घर बांधणारा जोनाथन फेअरबँक्स इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा, हॅलिफॅक्सच्या बाजूचा. १६३३ मध्ये बायको ग्रेस आणि सहा मुलांना घेऊन तो बॉस्टनला उतरला, तेव्हा चाळिशीला आलेला होता. डेडहॅमची वसाहत १६३६ ची. तिथे राहायचं तर एका करारनाम्यावर सही करावी लागे: भांडण झालं तर गावातच मिटवायचं, नेमून दिलेला वाटा उचलायचा. जोनाथनने सही केली, पण चर्चचा सभासद व्हायला मात्र तो १६४६ पर्यंत तयार नव्हता. सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या श्रद्धेची कबुली द्यायची, हे त्याला पटत नव्हतं. त्या कडक प्युरिटन गावात इतकी वर्षं असं अडून राहणं सोपं नसणार. मला तो माणूस तिथेच आवडला.

बाबांचा पहिला प्रश्न अर्थातच, ‘‘सातबारा किती एकराचा?’’ राहत्या जागेसाठी गावाचा नियम असा की लग्न झालेल्याला बारा एकर आणि एकट्याला आठ. त्याशिवाय कुरणं आणि माळ वाटून मिळायचे, ते वेगळे. शेतीला जोडधंदा म्हणून जोनाथन चरखे बनवायचा, म्हणजे तो कातारीही होता. १६६८ मध्ये तो गेल्यावर घरातल्या वस्तूंची यादी झाली, तीत कातकामाच्या हत्यारांची नोंद आहे. घर आणि भोवतालची जमीन थोरल्या जॉनकडे गेली. पुढे आठ पिढ्या हे घर एकाच कुटुंबात राहिलं आणि तिथे येणारा प्रत्येक जण याचंच कौतुक करतो.

मला मात्र जे घर सोडून गेले त्यांची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. बाकीच्या मुलांना जमीन हवी तर पुढे सरकणं भाग होतं. दुसरा मुलगा जॉर्ज मेडफील्डकडे गेला. त्याच्या पाठचा जोनास पश्चिमेला लँकेस्टरला, वसाहतीच्या पार टोकाला. हा जोनास जरा रंगेल असावा. दोनशे पौंडांची मालमत्ता नसलेल्यांनी भारी उंच बूट घालू नयेत, असा मॅसॅच्युसेट्सचा कायदा होता, आणि १६५२ मध्ये ते घातल्याबद्दल त्याला कोर्टापुढे उभं केलं होतं.

ही सगळी जमीन रिकामी नव्हती. वाम्पानोआग या मूळनिवासी लोकांचा प्रमुख मेटाकॉम, ज्याला इंग्रज ‘किंग फिलिप’ म्हणत, त्याने १६६२ मध्ये डेडहॅमकरांना आजच्या रेंथमची जमीन विकली होती. शेजारच्या नेटिकमध्ये ख्रिस्ती झालेले मूळनिवासी राहत. त्यांच्याशी डेडहॅमचा जमिनीवरून लांबलचक वाद झाला. ती जमीन नेटिककडेच राहिली आणि भरपाई म्हणून डेडहॅमला दूर पश्चिमेला आठ हजार एकर मिळाले. तेच आजचं डीअरफील्ड. तिथेही आधी पोकमटक लोक होतेच. १६७५ मध्ये मेटाकॉमचे लोक आणि इंग्रज वसाहती यांच्यात युद्ध पेटलं. १० फेब्रुवारी १६७६ ला लँकेस्टरवर हल्ला झाला, त्यात जोनास आणि त्याचा किशोरवयीन मुलगा जोशुआ मारले गेले. अकरा दिवसांनी मेडफील्ड जळलं. डेडहॅमचं थोरल्याचं घर मात्र शाबूत राहिलं. वारसाहक्काची ही बाजू तुम्ही विचारल्याशिवाय फारशी पुढे येत नाही, म्हणून जोनासचं नाव घेऊन विचारा.

न विचारता सांगितली जाते ती याच कुटुंबातल्या जेसन फेअरबँक्सची गोष्ट. १८०१ च्या मे महिन्यात एलिझाबेथ फेल्स या त्याच्या प्रेयसीचा खून झाला. खटल्याला इतकी गर्दी लोटली की तो चर्चमध्ये चालवावा लागला. जेसन दोषी ठरला, तुरुंगातून पळाला, पकडला गेला आणि सप्टेंबरमध्ये फासावर गेला. लहान मुलं बरोबर असतील तर हे आधीच माहीत असू द्या.

घरात राहिलेली शेवटची व्यक्ती रेबेका फेअरबँक्स. १८९२ मध्ये घरावर वीज पडली, त्यात तिचा कुत्रा मेला. पुढे घर हातचं जायची वेळ आली तेव्हा बॉस्टनच्या कॉडमन मायलेकींनी ते विकत घेऊन वाचवलं. १९०४ मध्ये ते फेअरबँक्स वंशजांच्या संस्थेकडे आलं आणि आजही तिच्याकडेच आहे. अलास्कातलं फेअरबँक्स शहर ज्यांच्या नावाचं, ते अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष चार्ल्स फेअरबँक्स याच वंशातले.

घर बघायला तासभर पुरतो. उरलेल्या वेळात मदर ब्रूक बघा. चार्ल्स नदीचं पाणी गिरणीसाठी वळवायला गावकऱ्यांनी १६३९ ते १६४१ च्या दरम्यान खणलेला हा कालवा आहे. दिसायला साधा ओढा, पण पाटाच्या पाण्यावर वाढलेले बाबा तिथे बराच वेळ उतार निरखत थांबले. डेडहॅम स्क्वेअरला जेवायला बऱ्यापैकी जागा आहेत. साको आणि व्हॅन्झेटी या दोन इटालियन अराजकवाद्यांवरचा १९२१ चा गाजलेला खटला जिथे चालला ते कोर्टही तिथेच आहे.

लँकेस्टरला जायचं तर गाडी हवीच, आणि त्यासाठी दिवस वेगळा ठेवा. तिथे जुनं घर नाही. गावच्या पाद्र्याचं, म्हणजे रोलंडसन कुटुंबाचं तटबंदी घर १६७६ च्या त्या हल्ल्यात जळालं, त्या जागी रस्त्याकडेला एक फलक आहे. डेडहॅम आधी करा आणि लँकेस्टर नंतर, म्हणजे जोनास कुठून निघून कुठवर पोचला होता त्याचा अंदाज येतो.