नायगाऱ्याला निघालो आणि रेस्ट एरियातच सगळं मिळालं

आई-बाबा नाशिकहून आले की न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या बहुतेक मराठी घरांसारखी आमचीही पहिली लाँग ट्रिप नायगाऱ्याची. ४०० मैल, मॅप सात तास सांगतो, पोरं आणि सत्तरीपुढची माणसं बरोबर असली की वरचे तीन-चार तास आपले आपण धरून चालायचं. मागच्या वेळी ते आले तेव्हा आमच्याकडे सेडान होती, यावेळी मिनीव्हॅन. आणि या ट्रिपबद्दल मला जे लिहायचंय ते सगळं त्या गाडीच्या दरवाजाशी घडलंय.

मागच्या वेळचं आठवलं की अजून वाईट वाटतं. बाबांचे दोन्ही गुडघे दुखतात. सेडानमध्ये बसायचं म्हणजे आधी पाठमोरं होऊन खाली टेकायचं, मान वाकवायची, मग एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायचा. उतरताना मी धावत जाऊन दोन्ही हात धरून त्यांना अक्षरशः ओढून काढायचो आणि तेवढा वेळ ते माझ्याकडे बघायचेच नाहीत. ज्या माणसाने अख्खी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढली, कसारा घाटाच्या वळणांवर उभ्या उभ्या तिकिटं फाडली, त्याला गाडीतून उतरवायला मुलगा लागावा! शेवटी शेवटी तर "तुम्ही जाऊन या, मी बसतो गाडीतच" असं सुरू झालं.

म्हणून गाडी बदलायची ठरली तेव्हा सगळे मित्र तीन रांगांच्या एसयूव्ही सुचवत होते आणि मी मिनीव्हॅनवर अडून बसलो. "अरे मिनीव्हॅन काय घेतोस, म्हातारा झालास का" हे किती जणांनी ऐकवलं. पण एका मित्राच्या एसयूव्हीच्या डिकीत मी प्लास्टिकचं स्टूल बघितलं होतं, त्याच्या आईला चढायला! दर स्टॉपला ते काढायचं, ठेवायचं, काकू त्यावर एक पाय देऊन उभ्या, दोघं जण दोन बाजूंनी धरून. मला ते नको होतं.

मिनीव्हॅनचा फ्लोअर मुळातच खाली असतो आणि त्याला कारण आहे. क्रायसलरने १९८३ च्या शेवटी डॉज कॅरॅव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर काढल्या त्या फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या चाकांना, त्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा लांबलचक शाफ्टच गेला आणि फ्लोअर खाली आणता आला. आमची टोयोटा सिएना हायब्रिड आहे, ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद) असूनही मागच्या चाकांना वेगळी इलेक्ट्रिक मोटर, म्हणजे शाफ्ट तिथेही नाही. दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे ही गोष्ट मात्र बरीच नंतरची, सुरुवातीला एकाच बाजूला असायचा, क्रायसलरवाल्यांनी १९९६ च्या मॉडेलपासून ड्रायव्हरच्या बाजूलाही द्यायला सुरुवात केली.

तर स्क्रँटनच्या पुढे आय-८१ हायवेवर एका रेस्ट एरियात थांबलो. शेजारी एक अवाढव्य पिकअप अगदी रेषेला चिकटून उभा, सेडान असती तर बाबांचा दरवाजा अर्धासुद्धा उघडला नसता. मी बटण दाबलं, दोन्ही दरवाजे सरकले आणि नेहमीच्या सवयीने वळसा घालून बाबांच्या बाजूला जाणार तेवढ्यात धाकटीने ज्यूस सांडलं, ते पुसण्यात दोन मिनिटं गेली असतील, वर बघतो तर बाबांची सीट रिकामी. काठीपण नाही. आईचा जीव खालीवर, "अहो कुठे गेले हे, भाषा येत नाही, फोन घेतला नाही". मी आत धावलो. बाबा आरामात भिंतीवरच्या मोठ्या नकाशासमोर उभे, बोट ठेवून रस्ता बघतायत. मला म्हणाले, "बिंगहॅम्टन अजून लांब आहे की रे. चहा मिळतो का इथे?"

चहा नव्हताच, थर्मासमधला होता. व्हॅनमध्येच बसून सगळ्यांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, मधल्या दोन सीट्सच्या मधून वाट आहे त्यामुळे आई थेट मागच्या रांगेत दोन्ही नातवंडांच्या मध्ये जाऊन बसली होती. बाबा बाहेर पाय मोकळे करत होते. निघायच्या वेळी मी मुद्दाम लांब उभा राहून बघितलं. काठी डाव्या हातात, उजव्या हाताने आतलं हँडल धरलं, त्यातल्या त्यात चांगला पाय आधी वर (फिजिओने शिकवलंय, चढताना चांगला पाय, उतरताना दुखरा), अंग वळवलं आणि बसले. कुणाचा हात नाही. मग मागे वळून सगळी डोकी मोजली, "बसले का सगळे?" म्हणाले आणि खिडकीच्या काचेवर बोटाने दोन टकटक. डबल बेल! इतक्या वर्षांनी ती ऐकली आणि मला गाडी सुरू करायला जरा वेळच लागला.

नायगारा छान झाला. मेड ऑफ द मिस्टची बोट, निळे रेनकोट, पोरं चिंब. गोट आयलंडवर टेरापिन पॉइंटच्या कठड्यापर्यंत बाबा चालत आले, व्हीलचेअर गाडीच्या शेवटच्या रांगेमागच्या खोल खड्ड्यात उभी घडी करून नेली होती ती फारशी निघालीच नाही. हॉटेल मात्र महागडं आणि पार्किंगचे वेगळे पैसे, ते आधी सांगायचं नाव नाही, याचा राग अजून आहे. पेट्रोलचं काही वाटलं नाही, १८ गॅलनची टाकी आणि कागदोपत्री गॅलनला ३५-३६ मैल, जाताना कुठे भरावंच लागलं नाही.

एक त्रास खरा आहे, या पॉवर दरवाजांना घाई चालत नाही, पावसात बीप बीप करत सावकाश सरकतात तोवर आतली सीट भिजते. आणि फुटपाथच्या कर्बला लागून उभी केलीत तर चढउतार अजून सोपी होते, हे आम्हाला परतताना कॉर्निंगला कळलं.

स्टूलवाल्या मित्राला मी हे सगळं सांगितलंय. येत्या शनिवारी तो त्याच्या आईला घेऊन येतोय, काकूंना तिन्ही रांगांत बसवून-उतरवून बघू, मग गाडी कोणती ते त्यांनीच ठरवावं.