आमची वाटचाल : क्रांतिकारकांचे चित्रपट आणि चोरट्या प्रती

अंधेरीतल्या आमच्या छोट्या फर्मने स्टेशनांबाहेर विकल्या जाणाऱ्या नकली व्हीसीडी शोधण्यापासून सुरुवात केली. पुढे टोरेंट आले, आता टेलिग्राम. क्रांतिकारकांवरच्या चित्रपटांसाठी मात्र पद्धत वेगळी ठेवावी लागली.

मसालापटाची चोरी पहिल्या आठवड्यांत होते, मग ओसरते. इथे २३ मार्च, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी जवळ आली की जुनी प्रत पुन्हा फिरू लागते. म्हणून निर्मात्याशी करार अख्ख्या वर्षाचा करतो.

खरी अडचण नावाची. ‘भगतसिंग’ टाकून शोधलं की शाळेतली भाषणं, पोवाडे, माहितीपट सगळंच समोर येतं. ७ जून २००२ रोजी तर भगतसिंगांवरचे दोन हिंदी चित्रपट एकाच दिवशी लागले होते. नुसत्या नावावरून नोटिसा धाडल्या, तर पाचवीतल्या मुलीचं भाषण उडतं. ते आम्हाला अजिबात मान्य नाही. आम्ही चित्र आणि आवाज यांचे ठसे, म्हणजे त्यांच्यावरून संगणकाने काढलेली ओळखखूण, जुळवतो. प्रती आपोआप ओळखता याव्यात म्हणून यूट्यूबला मूळ फाइल देताना जुन्या वृत्तचित्रांचे तुकडे आणि ‘वंदे मातरम्’च्या प्रचलित चालीचा भाग वगळतो, नाहीतर तेच फुटेज रीतसर वापरणाऱ्यांवरही दावे लागतात.

चोर चित्र उलटं करतात, कडेने चौकट लावतात, आवाजाची पट्टी चढवतात. एकच ठसा ठेवला तर तो हमखास चुकतो. शेवटी माणसाने डोळ्यांनी पाहायलाच हवं.

प्रत सापडली की आधी पुरावा, मग तक्रार. उलट केलं तर लिंक जाते आणि कोर्टात दाखवायला काही उरत नाही. पूर्ण पत्ता, तारीख-वेळ, चॅनेलचं नाव, फाइलचा आकार आणि हॅश (फाइलवरून गणिताने काढलेला, तिची ओळख पटवणारा अक्षर-अंकांचा संकेत) नोंदवायचा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश लागतोच. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार लेखी तक्रार गेल्यावर ३६ तासांत लिंक बंद व्हायला हवी, पण ती बंदी २१ दिवसांची. तेवढ्यात कोर्टाचा आदेश आला नाही, तर लिंक पुन्हा सुरू होऊ शकते. वकील आधीच तयार हवा.

थिएटरात चित्रित केलेल्या प्रतीत प्रोजेक्शनची अदृश्य खूण असते. त्यातून थिएटर आणि वेळ कळते. त्यासाठी साधारण ५ मिनिटांचा सलग तुकडा लागतो. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर थिएटरात असं चित्रण करण्याच्या गुन्ह्याला किमान ३ महिने कैद आणि ३ लाख रुपये दंड आहे.

१५ ऑगस्टला शाळेत अधिकृत प्रत दाखवायची असेल आणि प्रेक्षक विद्यार्थी, पालक, शिक्षक एवढेच असतील, तर कायद्याची मुभा आहे. सोसायटीच्या गच्चीवर दाखवायला परवाना लागतो. तो आम्ही निर्मात्याकडून मिळवून देतो. विचारणा जुलैच्या सुरुवातीलाच करावी.