तीन स्टूल

बुधवार, रात्री साडेदहा

आज मेस्त्रींनी नव्या ओट्यासाठी फरशीवर खडूनं रेघ ओढली आणि म्हणाले, "तीन माणसं आरामात बसत्यात बगा. एकाला दोन फूट. आणि तुमी तर ह्या बाजूलाच असतासा की, अक्का."

एवढंच. चुकीचं काही बोलले नाहीत. ह्या बाजूलाच असते मी. पण सकाळपासून ते वाक्य दातात अडकलेल्या सुपारीसारखं सलतंय.

स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत पाडायची हौस माझीच. साडेचार इंची होती, वर बीम नाही काही नाही, दोन दिवसांत गेली. कॅलेंडरचा खिळा तेवढा मी काढून ठेवलाय, का ते विचारू नका. आता ओटा एल वळून हॉलमध्ये सहा फूट पुढं येणार. धाकटी फोनवर म्हणाली, "आई, ह्याला पेनिन्सुला म्हणतात." म्हणजे आमच्या शाळेतलं द्वीपकल्प. तीन बाजूंनी पाणी आणि एका बाजूला जमीन. आमच्याकडं समोर माणसं आणि अलीकडं मी, गॅसपाशी.

घरात खाणारी तोंडं चार. सहा फुटांत तीन. मी म्हटलं, आठ फूट करा. मेस्त्रींनी टेप ओढून दाखवला. खोलीची रुंदी साडेनऊ फूट, मग परसदाराकडं जायला दीड फूट उरतो. मांजर जाईल. कळशी घेऊन मी नाही जाणार. ह्यांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, "पण तू कधी बसतेस?"

तेही खरंच. म्हणून जास्त लागलं.

खरंच कधी बसते मी? लग्नानंतरचं आठवून बघितलं. सणाला सगळ्यांच्या नंतर, एरवी ओट्याला टेकून, ताटली हातात. मधे ती भिंत होती म्हणून कुणाला दिसत नव्हतं. मलाही दिसत नव्हतं, असं आज वाटलं. आणि त्या भिंतीआड आणखीही काही... जाऊ दे.

दुपारी फर्निचरवाल्याकडून नमुन्याचा स्टूल आला. ओटा ३४ इंच, म्हणून बैठक २४. बैठक आणि ओट्याचा वरचा दगड यांत दहा इंच तरी हवेत म्हणे, आणि गुडघ्यांसाठी दगड फूटभर बाहेर. एवढा पुढं आलेला दगड नुसता तोलून राहत नाही, खाली लोखंडी ब्रॅकेट लागतात. त्याचे पैसे वेगळे, हे सांगायला नको. आत्याबाईंना बसवून बघितलं. पाय अधांतरी. त्या हसल्या, "मला खाली पाटच बरा," म्हणून उतरल्या. उतरताना माझा हात घट्ट धरला होता.

म्हणजे तीन स्टुलांतही एक फुकट. एवढा वेळ मी माझ्याच जागेचं रडत होते.

संध्याकाळी चहाच्या वेळी मेस्त्रींना म्हटलं, टोकाचे दोन फूट खाली घ्या, ३० इंचावर. तिथं साधी खुर्ची चालेल, १८ इंचाची. खाली कपाट नको, मोकळं ठेवा. हॉलच्या बाजूनं आत्याबाई आणि टोकाला दुसरी खुर्ची. मेस्त्री जरा घुटमळले, मग "हौद्री, आगतद" म्हणाले. खुशीत असले की कन्नड येतं त्यांना. पायानं जुनी रेघ पुसली, नवी ओढली. दोन स्टूल, दोन खुर्च्या. चार. वाटही साडेतीन फूट तशीच. मी बसले की थोडी अडेल. अडू दे.

हे म्हणाले, "म्हणजे तू अगदी टोकाला?"

"कन्याकुमारीला," मी म्हटलं. बरेच दिवसांनी मोठ्यानं हसले ते.

आता सगळे झोपल्यावर लोखंडी घडीची खुर्ची त्या रेघेशी लावून बसलेय. सगळीकडं धूळ. इथून गॅस दिसतो, आणि हॉलमधला टीव्हीही. उद्या भाजी इथंच बसून निवडायची म्हटलं तर कमरेला बरं. बसायची सवय मात्र लागेल का, शंकाच आहे. आत्ताच दोनदा उठले, एकदा दुधावर झाकण ठेवायला आणि एकदा उगीच.

दगड सोमवारी येतोय, काळा. आत्याबाईंना इलकलचा लाल हवा होता. त्याबद्दल उद्या.