जेथे जेथे धूर

न्यायशास्त्राचा अर्धा संसार एका डोंगरावर चालतो. डोंगरावर धूर दिसतो, अर्थात तिथे अग्नी आहे. जेथे जेथे धूर, तेथे तेथे अग्नी, उदाहरणार्थ स्वयंपाकघर. पण नैयायिकांनीच पुढे बजावून ठेवलंय की हे विधान उलटं फिरवू नका. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही, तापलेला लोखंडाचा गोळा बघा. मग धूर निघतो कधी? अग्नीची ओल्या सरपणाशी गाठ पडली की. या ओल्या सरपणाला ते ‘उपाधी’, म्हणजे आड लपलेली अट, म्हणतात. आम्ही अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये लाकडाच्या स्टोव्हवर घर तापवणारे लोक तिला मॉइश्चर मीटर, म्हणजे ओल मोजायचं यंत्र, लावतो.

मीटर म्हणजे दोन टोकदार सुया. ओंडका नव्याने फोडायचा, आतल्या ताज्या भागात सुया खुपसायच्या; आकडा वीस टक्क्यांच्या खाली आला तर लाकूड जाळण्याजोगं. सालीवर टोचून काही कळत नाही. लाकूड विकणारा प्रत्येक जण ‘वाळलेलंच आहे’ म्हणतो, आणि त्याचं वाळणं बहुधा ट्रकमध्ये भरल्यापासून सुरू झालेलं असतं. ओक तर फोडून रचल्यावर दोन-दोन वर्षं घेतो. म्हणजे ज्या हिवाळ्याचा अजून पत्ता नाही, त्याचं सरपण आज रचायचं.

एवढे लाड कशासाठी, तर आमच्या स्टोव्हच्या माथ्यावर बसलेल्या कॅटलिस्टसाठी. मधाच्या पोळ्यासारखी भोकाभोकांची सिरॅमिकची वीट, तिच्यावर पॅलेडियम-प्लॅटिनमसारख्या धातूंचा पातळ लेप. धूर म्हणजे न जळताच निसटलेलं लाकूड. एरवी तो पेटायला हजार अंश फॅरनहाइटच्या वर उष्णता लागते. या विटेतून जाताना पाचशेच्या आसपास पेटतो. १९७३च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत घरोघरी लाकडाचे स्टोव्ह आले आणि दऱ्याखोऱ्यांतल्या गावांवर हिवाळाभर धूर साचायला लागला. १९८८ साली सरकारने नव्या स्टोव्हच्या धुरावर मर्यादा घातली. २०२०पासून ती इतकी कडक आहे की चाचणीत ताशी दोन-अडीच ग्रॅमपेक्षा जास्त कण सोडणारा नवा स्टोव्ह दुकानात विकताच येत नाही.

ही वीट थंड असताना तिच्यातून धूर नेला तर ती काजळीने बुजते. म्हणून पेटवताना बायपास, म्हणजे विटेला वळसा घालणारी झडप, उघडा ठेवायचा, धूर सरळ धुराड्यात. बर्चची साल, ढलप्या, मग बारीक लाकडं, हवा पूर्ण खुली. विटेची उष्णता दाखवणाऱ्या डायलचा काटा पाचशेच्या पुढे गेला की बायपास बंद. अवघड आहे ते तोवर थांबणं. त्यानंतर हवा हळूहळू कमी करत जायची. एकदम कोंडली तर आग गुदमरते, वीट निवते, आणि सगळं पहिल्यापासून.

गंमत म्हणजे वीट लालबुंद दिसली तरच ती काम करतेय असं वाटतं, ते खरं नाही. मंद आगीत ती काळीठिक्कर असूनही धूर खात असते. परीक्षा घ्यायची ती बूट-कोट चढवून अंगणात. धुराड्यातून पांढरी वाफ निघून लगेच विरली तर छान. निळसर करडा पट्टा लांबवर रेंगाळला तर कॅटलिस्ट झोपलाय.

सासूबाई सांगलीहून आल्या तेव्हा त्यांनी नेमका डोंगरावरचा प्रश्न विचारला, “अगं, धूर कुठाय? विझला बघ तुझा स्टोव्ह.”

“नाही आई, धूरच जळतोय. काटा बघा, नऊशेवर आहे.”

“आमच्या बंबाला असली नाटकं नव्हती.”

खरंच नव्हती. बंबात करवंट्या जायच्या, चिपाडं जायची, जुनी मासिकं, मोडक्या स्टुलाचा रंगीत पायसुद्धा. इथे रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, गुळगुळीत कागद, समुद्राने आणून टाकलेली खारट लाकडं, सगळं वर्ज्य. त्यातल्या रसायनांनी आणि क्षारांनी विटेवरचा लेप निकामी होतो. नवं लाकूड घालतानाही आधी बायपास उघडायचा, थोडं थांबायचं, दार बोटभर किलकिलं करायचं, मगच पूर्ण उघडायचं. नाहीतर धूर खोलीत येतो, आणि तापलेल्या सिरॅमिकला गार हवेचा झटका बसून तडा जातो. सासूबाईंनी हे सोवळं दोन दिवसांत आत्मसात केलं आणि आता त्या माझ्यावरच लक्ष ठेवतात.

कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा लावणं आणि दरवर्षी धुराडं झाडून घेणं यावर चर्चाच नको. धुराड्यात जमलेलं क्रिओसोट, म्हणजे धुराचा डांबरासारखा थर, पेटलं तर छप्पर जायला वेळ लागत नाही. राखेतले निखारे दिवसेंदिवस जिवंत राहतात, म्हणून राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर, लाकडी ओट्यापासून लांब. वसंतात ती थोडीथोडी बागेत जाते, इथली माती आम्लधर्मी आहे.

यंदा बागेच्या वाट्याला कमी येईल. सासूबाईंनी पूर्ण गार झालेली राख चाळून एक डबा भरून ठेवलाय, भांड्यांसाठी. आमच्याकडे पितळेचं भांडं एकच आहे, पण ते रोज घासलं जातं.